भाग आणि तुकडा

१

दुर्मिळ शब्दांच्या वाट्याला अभ्यासकांचे लक्ष पुष्कळ येते. जुन्या पोथीत एखादा अनोळखी शब्द आढळला की त्यावर टिपणे लिहिली जातात, वादही झडतात. परंतु जे शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो, त्यांच्याकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही. त्यांचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. ‘भाग’ हा अशा शब्दांपैकी एक होय.

पुढील वाक्ये पाहावीत. ‘भाकरीचे चार भाग केले.’ ‘आमचा भाग कोरडवाहू आहे.’ ‘कादंबरीचा दुसरा भाग निघाला.’ ‘बाराला तीनने भाग जातो.’ ‘उद्या जाणे भाग आहे.’ ‘त्याला बोलायला भाग पाडले.’ ‘स्पर्धेत भाग घेतला.’ ‘तो भाग निराळा.’ यांतले एकही वाक्य मराठी माणसाला अडत नाही. मात्र परभाषी माणसाला मराठी शिकविण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही वाक्ये समजावून देताना किती प्रयास पडतात हे माहीत आहे. भाकरीचा चतकोर आणि जाण्याची सक्ती यांचा परस्परांशी काय संबंध, असे त्याने विचारल्यास काय उत्तर द्यावे?

कोश उघडावा, तर तेथे अर्थांना क्रमांक घातलेले आढळतात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून आणि त्याच्या १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीपासून १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत आपल्या कोशकारांनी केलेले परिश्रम आम्हांस पूज्य आहेत. अर्थ वेगळे करून मांडणे हे कोशाचे कामच आहे. परंतु क्रमांकांची ही रीत वर्गात जशीच्या तशी उतरते, तेव्हा विद्यार्थ्याची अशी समजूत होते की हे आठ निरनिराळे शब्द असून योगायोगाने त्यांचा उच्चार एक आहे. ही समजूत भाषेवर अन्याय करणारी आहे, असे आमचे मत आहे. या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि ‘भाग’ या शब्दाला ‘तुकडा’ या शब्दापासून तीच वेगळे करते. ती कोणती हे दाखविणे, आणि ती विसरल्याने आपले अध्यापन व आपली समीक्षा यांचे काय नुकसान होते हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

संस्कृतात दोन धातू शेजारी शेजारी उभे आहेत. एक ‘भज्’ आणि दुसरा ‘भञ्ज्’. पहिल्याचा अर्थ वाटून देणे, वाटा घेणे, सेवन करणे, सेवा करणे. दुसऱ्याचा अर्थ मोडणे. दोहोंत अंतर एका अनुनासिकाचे, पण दोन्ही घराण्यांची रीत अगदी भिन्न आहे. ‘भञ्ज्’च्या घरात भंग, भग्न, भंजन हे शब्द जन्मले. ‘भज्’च्या घरात भाग, विभाग, भाज्य, भाजक, भाग्य, भक्त, भक्ती, भजन हे शब्द वाढले. ‘भगवान’ या शब्दातला ‘भग’ म्हणजे ऐश्वर्य, भाग्य. आणि वेदांत भग या नावाचा जो आदित्य आहे, तो धनाचे वाटे देणारा देव म्हणून ओळखला जातो.

याच घराण्यातला एक शब्द आपल्या रोजच्या पानात आहे. संस्कृत ‘भक्त’ याचा एक अर्थ वाटून दिलेले अन्न, शिजविलेला तांदूळ, असा आहे. प्राकृतात त्याचे ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’. देवळातला भक्त आणि ताटातला भात हे एकाच धातूचे वंशज आहेत. एक वाटा घेणारा, दुसरा वाटा म्हणून मिळालेला.

आता ‘तुकडा’ हा शब्द ‘भागा’च्या शेजारी ठेवून पाहावा. आरसा फुटला तर त्याचे तुकडे होतात, भाग होत नाहीत. घड्याळाचे भाग असतात. ते हातोडीने फोडले तर तुकडे होतील. तुकड्याविषयी विचारण्यासारखा प्रश्न एकच, तो केवढा आहे हा. ‘भाग’ म्हटला की मात्र तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. कशाचा भाग? कोणाचा भाग? कोणी पाडलेला भाग? पहिल्या प्रश्नात संपूर्ण वस्तू आहे, दुसऱ्यात घेणारा आहे, तिसऱ्यात वाटणारा आहे. भाग सुटा दिसत असला तरी या तिघांशी त्याचे नाते तुटलेले नसते. ‘भाग’ या शब्दाचा सर्व अर्थविस्तार या नात्यातून झाला आहे.

पुराणांतली दक्षयज्ञाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. दक्षाने शिवाला हविर्भाग दिला नाही, एवढ्यावरून यज्ञाचा विध्वंस झाला. कैलासपतीला मूठभर हविर्द्रव्याची ददात नव्हती. भाग नाकारणे म्हणजे त्या समूहातले स्थान नाकारणे होते. तुकड्यावरून असे युद्ध पेटले नसते.

३

ही कल्पना सर्वांत रेखीवपणे मांडली गेली ती धर्मशास्त्रात. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ‘विभाग’ म्हणजे काय हे सांगताना विज्ञानेश्वराने जे विवेचन केले आहे, त्याचा आशय असा: कुटुंबाच्या समग्र द्रव्यावर अनेकांचे स्वामित्व आधीपासूनच असते, ते एकेकाच्या बाबतीत ठराविक अंशापुरते निश्चित करणे म्हणजे विभाग. यातला सूक्ष्म मुद्दा ध्यानात घ्यावा. वाटणीमुळे हक्क उत्पन्न होत नाही. हक्क जन्माबरोबरच आलेला असतो, वाटणी फक्त त्याची जागा दाखवून देते. बंगालमध्ये मान्यता पावलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या ग्रंथाचे मत याहून वेगळे आहे. त्याच्या मते पित्याचे स्वामित्व संपल्यावरच पुत्राचे सुरू होते. म्हणजे भारतातल्या दोन मोठ्या वारसापरंपरांमधला वाद हा एका परीने ‘भाग’ या शब्दाच्या अर्थाचाच वाद आहे. भाग आधीपासून असतो, की पाडल्यावर होतो?

आपल्या खेड्यापाड्यांतल्या व्यवहाराची भाषा पाहिली, तर तेथेही हीच जाण दिसते. शेताची वाटणी करताना ‘सरसनिरस’ पाहण्याची रीत आहे. चांगली जमीन आणि हलकी जमीन, विहिरीजवळचे वावर आणि माळावरचे वावर, हे सर्व जमेस धरून वाटे पाडायचे. नुसती मोजणीची साखळी ओढून सारखे तुकडे करता येतील, परंतु त्यांना कोणी न्याय्य वाटे म्हणणार नाही. ‘हिस्सा’ हा अरबीतून फार्सीच्या द्वारे आलेला शब्दही आपण याच जाणिवेने वापरतो. हिस्सेदार हा शब्द उच्चारताच दुसरे हिस्सेदार गृहीत धरले जातात.

मात्र या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जन्मसिद्ध हक्काची ही सुंदर कल्पना शतकानुशतके पुत्रांपुरतीच होती. ‘कोणाचा भाग’ या प्रश्नाचे उत्तर देताना कन्येचे नाव वगळले जात होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रियांच्या वारसाहक्काचा विस्तार केला. परंतु एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येला जन्मतः भागीदार मानण्यास सर्व देशभर २००५ ची दुरुस्ती यावी लागली. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी तशा दुरुस्त्या त्याआधी केल्या होत्या. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माचाच आहे, दुरुस्तीच्या वेळी पिता हयात असण्यावर तो अवलंबून नाही, असा निर्णय दिला. विज्ञानेश्वराचा सिद्धान्त कन्येस लागू करावयास नऊशेच्या आसपास वर्षे लागली असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेमुळे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा धरण्याची रीत आधीपासून होती.

गावगाड्यातली बलुत्याची व्यवस्था हाही वाट्याचाच प्रकार. पिकाच्या राशीतून बारा बलुतेदारांना त्यांचा त्यांचा अंश मिळे आणि त्यातही थोरली, मधली व धाकटी अशा ओळी होत्या. कोणाचा वाटा मोठा, कोणी तो कोणत्या जागी उभे राहून घ्यायचा, हे जन्माने ठरलेले असे. दया पवार यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाला वाट्याच्या या शब्दाची दुसरी बाजू दिसली. वाट्याला धान्य येते तसे दुःखही येते, आणि तेही पिढीजात. म्हणून ‘भाग’ हा शब्द आपोआप न्याय्य ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की तो न्यायाचा प्रश्न विचारू देतो. ‘कोणी पाडला?’ हे विचारण्याची सोय त्या शब्दातच आहे.

४

आमच्या वाचकवर्गात शिक्षक बहुसंख्य असल्यामुळे गणिताकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आठ परिकर्मांपैकी एकाचे नाव ‘भागहार’ आहे. अपूर्णांकांच्या प्रकरणात ‘भागजाती’, ‘प्रभागजाती’, ‘भागानुबंध’ आणि ‘भागापवाह’ अशा जाती सांगितल्या आहेत. यांतला ‘प्रभाग’ म्हणजे भागाचा भाग. अर्ध्याचा तिसरा हिस्सा, त्याचा पुन्हा चौथा हिस्सा, अशी ती मालिका असते. आज नगरपालिकेच्या निवडणुकीत आपण ‘प्रभाग क्रमांक अमुक’ असे म्हणतो, तेव्हा नकळत लीलावतीचाच शब्द उच्चारतो. राज्याचा भाग शहर, शहराचा भाग तो प्रभाग. परिभाषा घडविताना जुना शब्द किती नेमका उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

अपूर्णांकाच्या दोन अंगांची मराठी नावेही अर्थपूर्ण आहेत. वरचा तो ‘अंश’, खालचा तो ‘छेद’. छेद म्हणजे काप. वस्तू किती ठिकाणी कापली ते खाली लिहायचे आणि त्यातून आपल्याकडे किती आले ते वर लिहायचे. तोडणे खाली आणि वाटा वर, अशी ही मांडणी आहे. मुलांना अपूर्णांक कठीण जातात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ही दोन नावे उलगडून सांगितली, तर अर्धी अडचण दूर व्हावी.

भागाकाराचेही दोन अर्थ आहेत आणि ते शिक्षकाने वेगळे करून दाखविले पाहिजेत. बारा आंबे तीन मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकास किती? हा झाला वाटणीचा भागाकार. बारा आंब्यांचे तीन-तीनांचे ढीग लावले, तर ढीग किती? हा झाला मोजणीचा भागाकार. दोहोंचे उत्तर चारच, पण पहिल्या चाराचा अर्थ ‘चार आंबे’ आणि दुसऱ्या चाराचा अर्थ ‘चार ढीग’. पाट्यापुस्तकांत बहुधा एकच चिन्ह आणि एकच रीत येते. अर्थाचा हा भेद विद्यार्थ्याच्या मनात उतरतच नाही. पुढे अपूर्णांकाने भागण्याची वेळ आली की त्याचा गोंधळ होतो. ‘अर्ध्या मुलाला आंबे कसे वाटायचे?’ हा त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याला वाटणीचा अर्थ ठाऊक आहे, मोजणीचा ठाऊक नाही. ‘सहा शेर दुधात अर्ध्या शेराची भांडी किती भरतील?’ असे विचारले की तोच मुलगा चटकन बारा असे उत्तर देतो.

मराठ्यांच्या राज्यव्यवहारात तर अपूर्णांक हेच हक्काचे नाव झाले होते. चौथ म्हणजे वसुलाचा चौथा अंश, सरदेशमुखी म्हणजे दहावा. त्या चौथाईचे पुन्हा बाबती, सहोत्रा, नाडगौडा आणि मोकासा असे प्रभाग असत. शेकडा पंचवीस, सहा, तीन आणि सहासष्ट अशी त्यांची विभागणी होती. मोकाशाच्या वाट्यावर सरदार फौज बाळगीत. बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे मराठी भाषा ज्या सरदारांबरोबर पोचली, त्यांच्या उत्कर्षाचा पाया या वाट्यांच्या व्यवस्थेत होता. आपल्या या वसाहतींच्या इतिहासाचा आरंभच अशा रीतीने एका अपूर्णांकापासून होतो.

५

आता ज्या अर्थांचा संबंध वरवर दिसत नाही त्यांकडे वळू. भागापासून ‘भाग्य’ झाले, हे स्पष्ट आहे. जे आपल्या वाटणीला आले ते आपले भाग्य. परंतु मराठीत दैवासाठी आणखी दोन शब्द रूढ आहेत, ‘नशीब’ आणि ‘किस्मत’. दोन्ही मूळ अरबी. आणि दोहोंचाही मूळ अर्थ वाटा, हिस्सा असाच आहे. ‘किस्मत’ ज्या धातूपासून झाला त्याच धातूपासून ‘तकसीम’ झाला, आणि उर्दूत भागाकारालाही तकसीमच म्हणतात. दोन भिन्न भाषाकुलांनी दैवाची कल्पना वाट्याच्याच रूपाने करावी, यात मानवी अनुभवाचे काही सत्य असले पाहिजे. शुद्ध मराठीत आपण ‘वाट्याला आले’ असे म्हणतो, तेव्हा तेच सत्य तिसऱ्यांदा बोलतो.

‘जाणे भाग आहे’ या प्रयोगाचे कोडे येथे सुटते. जाणे हा माझा वाटा आहे, ते काम माझ्याकडे आले आहे, ते दुसऱ्यावर ढकलता येणार नाही. वाटणीत जशी मिळकत येते तशी देणीही येतात. ज्याने वडिलांचे शेत घेतले त्याला वडिलांचे कर्ज नाकारता येत नाही, अशी आपली जुनी समजूत. ‘भाग पाडणे’ म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याच्या वाट्याला आणणे, म्हणून सक्ती करणे. भाकरीचे भाग पाडणे आणि माणसाला बोलायला भाग पाडणे या दोन प्रयोगांतले अंतर आता फारसे उरत नाही. कर्तव्याला ‘ओझे’ किंवा ‘बंधन’ न म्हणता ‘वाटा’ म्हणावे, ही मराठीची सहजबुद्धी आम्हांस लक्षणीय वाटते. ओझे एकट्याचे असते. वाटा म्हटला की इतरांनीही आपापला वाटा उचललेला आहे, हे गृहीत धरले जाते.

‘भागणे’ या क्रियापदाची मात्र थोडी फोड करावयास हवी. ‘तहान भागली’, ‘एवढ्यात भागेल’, ‘खर्च भागविला’ या प्रयोगांत गरजेला तिचा योग्य वाटा मिळाल्याचा भाव आहे. येथे भागणे म्हणजे पुरे पडणे. ‘दमूनभागून आला’ यातले भागणे मात्र निराळे. तौलनिक कोशकार त्याचा संबंध ‘भग्न’ या शब्दाशी जोडतात. म्हणजे ते ‘भञ्ज्’च्या घरचे, थकलेला माणूस म्हणजे मोडलेला माणूस. हिंदीतले ‘भागना’, म्हणजे पळून जाणे, हेही त्याच भग्नापासून आले आहे. सैन्य मोडले की ते पळते; हिंदीने पळण्याचा अर्थ उचलला, मराठीने थकण्याचा. अशा रीतीने भज् आणि भञ्ज् ही दोन घराणी मराठीत एकाच क्रियापदाच्या उंबरठ्यावर येऊन भेटली आहेत. कोशकाराने येथे दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात हे योग्यच आहे. वेगळेपणा जेथे खरा आहे तेथे तो दाखविला पाहिजे. आमची तक्रार आहे ती जेथे नाते आहे तेथेही तो कल्पिण्याबद्दल.

६

साहित्याच्या क्षेत्रात या विचाराचा काय उपयोग, असे कोणी विचारील. आमच्या मते उपयोग फार मोठा आहे.

आपल्या जुन्या कवींनी रचनेच्या अंगांना दिलेली नावे पाहावीत. दासबोधाचे वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकात दहा समास. ‘समास’ या शब्दाचा अर्थ एकत्र आणणे, संक्षेप करणे असा आहे. म्हणजे ग्रंथाच्या सर्वांत लहान विभागाला जे नाव दिले आहे ते जोडण्याचे, तोडण्याचे नव्हे. वारकरी संतांच्या रचनेचे नाव ‘अभंग’, म्हणजे न मोडलेला. गीतेच्या अठरा अध्यायांपैकी तेरावा, चौदावा, सोळावा आणि सतरावा या चार अध्यायांच्या नावांत ‘विभागयोग’ हे पद येते. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, तीन गुण, दैवी आणि आसुरी संपत्ती, तीन प्रकारची श्रद्धा यांचा तो विभाग आहे. येथे ‘विभाग’ म्हणजे ओळखण्यासाठी केलेला विवेक. त्याला लागूनच ‘योग’ हा शब्द यावा, हे पुरेसे बोलके आहे. रामदासांनी चौथ्या दशकात आत्मनिवेदनाचे विवरण करताना ‘भक्त’ आणि ‘विभक्त’ हे दोन शब्द समोरासमोर उभे केले आहेत, ते केवळ यमकासाठी केलेले नाही. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. एकात वाटा घेऊन जवळ येणे आहे, दुसऱ्यात वाटा घेऊन दूर होणे आहे. ही जाण असल्याखेरीज त्या स्थळाचा अर्थ पुरता उमगत नाही.

व्याकरणातली ‘विभक्ती’ हीदेखील अशीच. नावाचा अर्थ वेगळे करणे, आणि काम मात्र नामाला वाक्याशी जोडण्याचे. प्रत्येक नामाला क्रियेतला त्याचा त्याचा वाटा ती नेमून देते. कोणी करायचे, कोणाला द्यायचे, कशाने करायचे हे विभक्ती सांगते. वर्गात विभक्तिप्रत्ययांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. नावाचा हा अर्थ मात्र सांगितला जात नाही.

आणि आता आमच्या समीक्षेकडे. महाविद्यालयांतून कविता शिकविताना आशय, अभिव्यक्ती, प्रतिमा, छंद, भाषाशैली अशी शीर्षके घालून प्रत्येकाखाली दोन-चार वाक्ये लिहिण्याची एक पद्धत पडून गेली आहे. परीक्षेच्या सोयीसाठी ती स्वीकारली गेली आणि पुढे तिलाच रसग्रहण समजण्यात येऊ लागले. आमचा आक्षेप विश्लेषणाला नाही. विश्लेषणावाचून समीक्षा होऊच शकत नाही. आक्षेप हा की या पद्धतीत कवितेचे भाग होत नाहीत, तुकडे होतात. छंदाविषयी लिहिताना तो कोणत्या आशयाचा छंद आहे हे सांगितले जात नाही. प्रतिमेची यादी देताना त्या प्रतिमेने कवितेत कोणते काम आपल्या वाट्याला घेतले आहे, ते विचारले जात नाही. दोन भिन्न कवितांची अशी रसग्रहणे शेजारी ठेवली आणि शीर्षकाखालची वाक्ये एकमेकांत बदलली, तरी वाचकाला फरक कळू नये, अशी अवस्था पुष्कळदा असते. विज्ञानेश्वराची कसोटी येथे लावून पाहावी. कवितेवर प्रत्येक घटकाचे स्वामित्व समग्रपणे असते. समीक्षकाने ते कोठे विशेष प्रकट झाले आहे, तेवढे दाखवून द्यावयाचे असते. छंद कवितेच्या कानाकोपऱ्यात भिनलेला असतो, आणि प्रतिमाही. त्यांना स्वतंत्र कप्प्यांत घालणे म्हणजे विभाग करणे नव्हे.

शाळांतून वर्गाच्या विभागाला ‘तुकडी’ म्हणण्याची चाल आहे. त्या शब्दाला सैन्याच्या तुकडीचाही आधार असल्यामुळे तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ‘अ’ तुकडीत हुशार आणि ‘ड’ तुकडीत मागे पडलेली मुले घालण्याची पद्धत जेथे रूढ झाली, तेथे तो शब्द अक्षरशः खरा ठरला, एवढे नमूद करावेसे वाटते.

७

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी समाजाला या शब्दाचा विचार अधिक निकडीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचे तीन राज्यांत वाटप झाले. इंदूर आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत राहिले. तेव्हापासून या ठिकाणी वाढलेल्या मुलाच्या कानावर ‘भाग’ हा एकच शब्द दोन-दोन भाषांतून पडतो. इंदूरच्या हिंदी शाळेत जाणारे मराठी मूल ‘दमला, भागला’ हे ऐकते तेव्हा कोणी दमला आणि मग पळाला, असा अर्थ करण्याचा मोह त्याला होतो. पत्त्यावर ते ‘इंदौर संभाग’ असे लिहिते आणि घरी ‘आमच्या भागात’ असे बोलते. हैदराबादेत उर्दू माध्यमातून शिकलेल्या जुन्या पिढीला गणितातला भागाकार ‘तकसीम’ म्हणूनच परिचित होता. गुजरातीत आणि कन्नडातही ‘भाग’ आणि ‘विभाग’ हे शब्द आहेतच.

या स्थितीत दोन टोकांचे उपाय सुचविले जातात. कोणी म्हणतात, शेजारच्या भाषेचे सर्व संस्कार काढून टाकून मराठी निर्मळ राखावी. कोणी म्हणतात, जे मिसळेल ते मिसळू द्यावे. आम्हांस दोन्ही उपाय तुकड्याच्या बुद्धीचे वाटतात. ‘भाग’ हा शब्द या सर्व भाषांची एकत्र कुटुंबाची मिळकत आहे. तीत प्रत्येकीचा हक्क जन्माचा आहे. कोणी कोणाला तो दिलेला नाही. प्रत्येकीने आपल्या वाट्याची मशागत निरनिराळी केली, म्हणून हिंदीतला भागणारा पळतो आणि मराठीतला थकतो. मुलाला ही दोन्ही वावरे दाखवावीत, बांध कोठे आहे तेही दाखवावे. बडोद्याच्या राज्याने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला, त्यामागची दृष्टी नेमकी अशीच होती. अनेक भाषांचे प्रतिशब्द एकाच पानावर शेजारी शेजारी मांडले की कोणाचे काय, हे वाचकाला आपोआप कळते.

शेवटी एका शब्दाचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. बेळगावच्या परिसराला आपण ‘सीमाभाग’ म्हणतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, या सर्व प्रकरणात हा शब्द हजारो वेळा लिहिला गेला आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण शब्दाचा विचार करणाऱ्याला एवढे म्हणता येईल की तेथील मराठी माणसाने आपल्या मुलुखाला ‘सीमातुकडा’ म्हटले नाही. भाग हा कशाचा तरी असतो, कोणाचा तरी असतो आणि कोणीतरी पाडलेला असतो. हे तिन्ही प्रश्न तो शब्द उच्चारताना दर वेळी जागे होतात, आणि म्हणूनच तो त्यांनी निवडला असावा.

शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती एवढीच की येत्या वर्षात एखाद्या तासाला ही आठ वाक्ये फळ्यावर लिहावीत, आणि अर्थ सांगण्यापूर्वी मुलांनाच ते तीन प्रश्न विचारू द्यावेत. त्यांच्याकडून निघतील ती उत्तरे, विशेषतः इंदूर, बडोदे, हैदराबाद आणि गोवा येथील घरांतून ऐकू येणारे ‘भाग’ शब्दाचे निराळे प्रयोग, त्यांनी टिपून ठेवावेत. मराठीच्या पुढील कोशाला त्यांचा उपयोग होईल, आणि त्या कोशात आपल्या या केंद्रांचाही वाटा राहील.